आपोआप सुरू होणारा संगणक : कारणमीमांसा व तपासणीची रीत

शाळा सुटताना रीतसर बंद केलेला संगणक कुणी हात न लावता आपोआप सुरू होतो, हा अनुभव अनेक शिक्षकांना केव्हा ना केव्हा आलेला असतो. शहरातील कचेरीत असे घडले तर कुणी त्याकडे फारसे लक्ष देत नाही. खेड्यातील शाळेची गोष्ट निराळी. तुमसर तालुक्यातील पुष्कळशा शाळा वस्तीच्या कडेला, धानाच्या बांध्यांना लागून उभ्या आहेत. रात्री पाण्यावर गेलेला शेतकरी परतताना कुलूपबंद वर्गाच्या खिडकीत निळसर उजेड पाहतो आणि सकाळी ती वार्ता गावभर होते. मग या घटनेचे तीन अर्थ लावले जातात : पहिला भुताचा, दुसरा चोराचा आणि तिसरा बिघाडाचा. पहिल्या अर्थामुळे मुले त्या खोलीत जावयास भितात. दुसऱ्या अर्थामुळे आवारात खेळणाऱ्या एखाद्या मुलावर अथवा शाळेची किल्ली सांभाळणाऱ्या माणसावर नाहक संशय येतो. आणि तिसऱ्या अर्थामुळे चांगले चालणारे यंत्र कपाटात जाते व काही वर्षांनी निर्लेखनाच्या यादीत त्याचे नाव चढते. हे तिन्ही अर्थ बहुतेक वेळा खोटे असतात. खरे कारण प्रायः साधे असते आणि ते शिक्षकाला स्वतः शोधून काढता येते. ते कसे शोधावे, एवढाच या पाठाचा विषय आहे.

'बंद' म्हणजे काय?

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. भिंतीवरील बटण खाली केले की पंखा बंद होतो, कारण त्याचा विजेशी असलेला संबंधच तुटतो. संगणकाचे तसे नाही. ज्या उभ्या पेटीला आपण सर्वजण बोलण्यात 'सीपीयू' म्हणतो, तिच्या दर्शनी भागावरील बटण विजेची वाट तोडीत नाही. ते मदरबोर्डावरील, म्हणजे यंत्राच्या मुख्य फलकावरील, दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना जोडते व सोडून देते. 'कुणीतरी बोलावले आहे' एवढी सूचना त्यायोगे फलकाला मिळते. ही सूचना ऐकावयास फलक जागा असावा लागतो, आणि जागा राहण्यासाठी त्याला थोडी वीज सतत मिळावी लागते.

पूर्वी असे नव्हते. जुन्या संगणकांत बटण दाबले की वीजच तुटे, व घरच्या दिव्याप्रमाणे यंत्र खरोखर विझे. १९९५ साली इंटेल कंपनीने 'एटीएक्स' नावाची नवी रचना प्रसिद्ध केली. त्या रचनेनुसार पॉवर सप्लायमधून, म्हणजे आतील वीजपुरवठ्याच्या डब्यातून, एका जांभळ्या तारेवाटे पाच व्होल्टांचा बारीक प्रवाह यंत्र बंद असतानाही फलकाकडे वाहत राहतो. फलकाने हिरव्या तारेवाटे इशारा दिला की मग मुख्य प्रवाह सुरू होऊन पंखे फिरू लागतात. आज आपल्या शाळांतून दिसणारे टेबलावरील संगणक सामान्यतः याच वंशातले आहेत.

कंदिलाचे उदाहरण येथे चांगले लागू पडते. कंदील विझविणे वेगळे आणि निजताना वात बारीक करून ठेवणे वेगळे. वात बारीक असली म्हणजे अंधार असतो, पण ज्योत असते, व किल्ली जराशी फिरविताच उजेड होतो. बंद केलेला संगणक हा बारीक वातीचा कंदील आहे. प्लग काढला तरच तो विझला असे म्हणावे. आता आपला प्रश्न बदलतो. 'मेलेले यंत्र जिवंत कसे झाले?' हा प्रश्न भुताकडे नेणारा आहे. 'अर्धवट जागे असलेल्या यंत्राला हाक कुणी मारली?' हा प्रश्न मात्र तपासणीकडे नेतो. हाक मारू शकणारे मोजकेच आहेत : परत आलेली वीज, आतील घड्याळ, माऊस व कीबोर्ड, नेटवर्कची केबल, आणि बिघडलेले बटण किंवा तार.

लाईन जाते आणि येते तेव्हा

या सर्वांत ग्रामीण शाळेच्या दृष्टीने पहिले कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्याचा विचार विस्ताराने करू.

प्रत्येक फलकावर 'बायोस' नावाचा एक मूळ कार्यक्रम कायमचा कोरलेला असतो. विंडोज सुरू होण्यापूर्वी यंत्राचा ताबा त्याच्याकडे असतो. त्यात एक व्यवस्था अशी असते की, गेलेली वीज परत आल्यावर यंत्राने काय करावे हे आधीच ठरवून ठेवता येते. तीन पर्याय असतात : बंदच राहावे, सुरू व्हावे, किंवा वीज जाण्यापूर्वी जी स्थिती होती ती पुन्हा धारण करावी. यांपैकी 'सुरू व्हावे' हा पर्याय निरर्थक नाही. ज्या यंत्रावर रात्रंदिवस इतरांचे काम अवलंबून असते, ते वीज येताच आपोआप उभे राहिलेच पाहिजे. पण तोच पर्याय शाळेतील यंत्रात राहून गेला तर काय होईल, याची कल्पना सहज करता येईल. शाळेत संध्याकाळी मेन स्विच पाडला आणि सकाळी कुणी वर्ग झाडण्यासाठी दिवा लावावा म्हणून तो वर केला की संगणक गुरगुरत सुरू होतो. कुणी त्याला स्पर्शही केलेला नसतो, हे अगदी खरे असते.

तिसरा पर्याय याहूनही फसवा आहे. पावसाळ्याचे दिवस आहेत, दुपारी तीन वाजता विद्यार्थ्यांना काही दाखविले जात असताना लाईन जाते, असे समजा. पडदा काळा होतो. पाच वाजेपर्यंत लाईन येत नाही व शाळा सुटते. संगणक बंदच दिसत असल्यामुळे तो बंद करण्याचे कुणाच्या मनात येत नाही. यंत्राच्या स्मृतीत मात्र 'मी सुरू होतो' हीच शेवटची नोंद राहते. रात्री अकरा वाजता लाईन येते, आणि यंत्र आपल्या शेवटच्या स्थितीस इमानाने परत जाते. कुलूपबंद खोलीतील निळ्या उजेडाची बरीचशी रहस्ये एवढ्यानेच उलगडतात. ज्या शाळेत लहान यूपीएस आहे तेथेही हेच घडते, कारण त्याची बॅटरी काही मिनिटांत संपते व पुढची हकीकत तीच. उलट, बॅटरी जुनी झाली म्हणजे वीज क्षणभर डळमळताच यूपीएस यंत्राला दगा देतो, आणि दिवे मिणमिणून पूर्ववत झाल्यामुळे 'लाईन तर गेलीच नव्हती' असे पाहणारे शपथेवर सांगतात.

उपाय सोपा आहे. यंत्र सुरू करताच डिलीट किंवा एफ-टू ही कळ (काही यंत्रांत एफ-टेन) थांबून थांबून दाबीत राहावे, म्हणजे बायोसचे पान उघडते. तेथे वीजव्यवस्थेच्या सदरात 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस', 'एसी बॅक' किंवा 'आफ्टर पॉवर फेल्युअर' अशा नावाची ओळ सापडेल. निरनिराळे उत्पादक निरनिराळी नावे देतात, पण अर्थ एकच. तेथे 'पॉवर ऑफ' अथवा 'स्टे ऑफ' हा पर्याय निवडून बदल जतन करावा. या पानावरील इतर कोणत्याही ओळीस हात लावू नये. आधी मोबाइलने पानाचे छायाचित्र घेऊन ठेवले तर अधिक बरे.

इतके करूनही दोनचार आठवड्यांनी तक्रार पुन्हा उद्भवते, असे कधी कधी दिसते. तेव्हा फलकावरील बटन सेल पाहावा. लहान नाण्याएवढा, तीन व्होल्टांचा, 'सीआर २०३२' असे अंक असलेला हा सेल वीज नसताना आतील घड्याळ चालवितो, आणि बऱ्याच फलकांत बायोसमधील आपल्या निवडीही तोच सांभाळतो. तो संपला म्हणजे वीज तुटताच घड्याळ मागे जाते आणि निवडी कारखान्यातून आल्या तशा होतात. आपण मोठ्या कष्टाने केलेला बदल पुसला जातो. यंत्र सुरू केल्यावर दिनांक काही वर्षांपूर्वीचा दिसणे, ही या आजाराची खूण होय. येथे आपल्या शाळांची एक विशेष अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. प्लगमधून बारीक प्रवाह मिळत असतो तोवर घड्याळ त्यावर चालते व सेल खर्च होत नाही. आपण मेन स्विच रोज पाडतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद असतात. तेवढा सर्व काळ भार एकट्या सेलवर पडतो. मेन स्विच पाडण्याची सवय सुरक्षिततेच्या दृष्टीने उत्तमच आहे, ती मोडू नये. मात्र आपल्याकडील सेल शहरातल्यापेक्षा लवकर थकतो, हे गृहीत धरावे. सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. प्लग काढून, जुना सेल कोणत्या बाजूने बसला होता हे पाहून, नवा तसाच बसवावा, आणि त्यानंतर दिनांक व बायोसमधील ती ओळ पुन्हा ठीक करावी.

झोपलेला संगणक आणि बंद केलेला संगणक

दुसरे मोठे कारण यंत्रात नसून आपल्या भाषेत आहे. 'बंद केला' हा शब्दप्रयोग आपण तीन निरनिराळ्या क्रियांसाठी वापरतो. कुणी केवळ पडद्याचे, म्हणजे मॉनिटरचे, बटण दाबतो. कुणी 'स्लीप' करतो किंवा बराच वेळ काम न केल्यामुळे यंत्र स्वतःच झोपी जाते. आणि कुणी 'शट डाऊन' करतो. पडदा तिन्ही प्रसंगी काळाच दिसतो. पहिल्या प्रसंगी यंत्र पूर्ण जागे असते. दुसऱ्या प्रसंगी ते झोपेत असते, आणि झोपेतून उठविण्याचा अधिकार पुष्कळांना असतो : टेबलाला धक्का लागून माऊस हलला, कीबोर्डवर पाल पडली, तरी ते उठते. (खरा उंदीर संगणकाच्या उंदरावरून धावला तर काय होते, हे मुलांना विचारून पाहावे. उत्तर ती आनंदाने देतील.)

झोपलेल्या यंत्राला घड्याळही उठवू शकते. विंडोजमध्ये दुरुस्ती व अद्ययावतीकरणाची काही कामे ठराविक वेळी करण्याची योजना असते. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत या स्वयंचलित देखभालीची मुळात नेमलेली वेळ सहसा रात्री दोनची असते. हेतू चांगला आहे : माणसे निजलेली असताना काम उरकावे. पण तीच वेळ गावोगावच्या गोष्टींत भुतांसाठी राखून ठेवलेली असल्याने घोटाळा होतो. वीजव्यवस्थेच्या पानावर, म्हणजे 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये, स्लीपच्या सदरात 'अलाऊ वेक टायमर्स' ही ओळ आहे. ती बंद केली म्हणजे घड्याळाची हाक सहसा थांबते. माऊस व कीबोर्ड यांची हाक बंद करावयाची झाल्यास 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा, त्या त्या साधनाच्या नावावर जाऊन पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर यावे, आणि यंत्राला उठविण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी.

यंत्राला कुणी उठविले हे पुष्कळदा यंत्रच सांगते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी खिडकी व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडावी. 'पॉवर' या इंग्रजी शब्दाला लागूनच सी, एफ, जी ही अक्षरे लिहावीत, एक जागा सोडून तिरपी रेघ द्यावी आणि तिला लागून 'लास्टवेक' हा शब्द, मध्ये जागा न सोडता, लिहून एंटर दाबावे. शेवटच्या वेळी कोणत्या साधनाने झोप मोडली त्याचे नाव उमटते. 'लास्टवेक'ऐवजी 'वेकटायमर्स' लिहिले तर पुढे कोणकोणते गजर लावलेले आहेत ते कळते. यंत्र झोपेतून न उठता मुळापासून सुरू झाले असेल तर या आज्ञांचा उपयोग नाही. तेव्हा 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'सिस्टीम' या सदरातील नोंदी वाचाव्यात. ६००५ या क्रमांकाची नोंद म्हणजे यंत्र सुरू झाले, ६००६ म्हणजे रीतसर बंद झाले, आणि ६००८ म्हणजे यापूर्वी ते रीतसर बंद न होता अचानक थांबले होते. रात्री अकराला ६००५ आणि तिच्या जोडीला ६००८ आढळली, की लाईन जाऊन आल्याचा निष्कर्ष जवळजवळ निश्चित होतो. सेल संपलेला असल्यास या वेळांवर विसंबू नये, हे उघड आहे.

येथे एक सूचना. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. तिच्यामुळे शट डाऊन केल्यावरही यंत्र आपल्या स्थितीचा काही भाग डिस्कवर लिहून ठेवते, व दुसऱ्या दिवशी तेथूनच उठते. तपासणीच्या काळात ही सोय बंद ठेवावी, म्हणजे 'बंद' या शब्दाचा एकच अर्थ उरेल.

काही वेळा शट डाऊन करताच यंत्र पुनः सुरू होते. हा प्रकार आपोआप सुरू होण्याचा नव्हे. बंद होता होता एखादा कार्यक्रम अडखळतो, आणि 'अडखळल्यास पुन्हा सुरू व्हावे' असा आदेश विंडोजमध्ये मुळातच दिलेला असतो. तो आदेश 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या पानावर काढता येतो. तो काढल्यावर अडखळण्याचे कारण सांगणारा निळा पडदा दिसू लागतो. त्यावरील मजकूर उतरून घ्यावा.

नेटवर्कच्या केबलवाटे येणारी हाक शाळांतून विरळा आढळते. 'वेक ऑन लॅन' या सोयीत दूरचे यंत्र एक ठराविक संदेश पाठविते, त्यात यंत्राचा स्वतःचा पत्ता सोळा वेळा लिहिलेला असतो, व तो ऐकून यंत्र उठते. जेथे इंटरनेटची तार थेट संगणकात जाते तेथे ती आठवडाभर संध्याकाळी काढून ठेवावी, एवढ्याने प्रश्नाचा निकाल लागतो. लॅपटॉपची काही यंत्रे झाकण उघडताच किंवा चार्जर जोडताच सुरू होतात. तोही बायोसमधील निवडीचा विषय आहे. वर्गातील मोठा टीव्ही आपोआप लागत असेल तर त्याला जोडलेला संगणक किंवा डबा त्याला एचडीएमआयच्या तारेतून उठवीत असण्याचा संभव असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सोय बंद करता येते.

बटण, तारा आणि जीवजंतू

येथवरची सर्व कारणे निवडीची होती, यंत्र निरोगी होते. आता खऱ्या बिघाडाकडे वळू. दर्शनी बटण धुळीने अडकून आतच राहते, किंवा त्याच्या तारेवरील आवरण झिजून दोन तारा एकमेकींस लागतात, तेव्हा फलकाला 'कुणी बटण दाबले' असेच वाटते. पावसाळ्यातील ओल, मुंग्यांचे घर, पालीची अंडी यांमुळेही हे घडू शकते. हे ओळखण्याची कसोटी सुंदर आहे. प्लग काढून पेटी उघडावी, बटणाकडून फलकाकडे येणारी दोन पिनांची बारीक जोडणी काढून ठेवावी, पेटी झाकून प्लग लावावा, आणि वाट पाहावी. आता बटण हाक मारूच शकत नाही. तरीही यंत्र सुरू झाले तर बटण निर्दोष. न झाल्यास दोष बहुधा बटणात किंवा त्याच्या तारेत आहे, व तो अल्प खर्चात दूर होतो.

यंत्रात शिरलेल्या जीवजंतूंचा इतिहास थोर आहे. अमेरिकेच्या नौदलासाठी हार्वर्ड विद्यापीठात तयार झालेल्या 'मार्क टू' या प्रचंड गणकयंत्रात १९४७ च्या सप्टेंबरात एक पतंग सापडला. तेथील कर्मचाऱ्यांनी तो काढून, चिकटपट्टीने कामाच्या वहीत चिकटविला आणि शेजारी वेळ लिहिली. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. यंत्रातील दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याहून जुनी आहे. पण आपल्या दृष्टीने त्या प्रसंगातील बोधप्रद वस्तू किडा नसून वही होय, आणि तिच्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

पॉवर सप्लायच्या डब्याबाबत मात्र निक्षून सांगितले पाहिजे की, तो डबा शिक्षकाने कधीही उघडू नये. आपल्याकडील २३० व्होल्टांची वीज त्यात सुमारे सव्वातीनशे व्होल्टांच्या एकदिश प्रवाहात रूपांतरित होऊन साठविली जाते, आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ आत राहू शकते. डबा जुना होऊन यंत्र स्वतःहून सुरू-बंद होत असेल तर दुसरा चांगला डबा जोडून पाहणे, एवढीच त्याची कसोटी, व ते काम तंत्रज्ञाचे. पेटीच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येतात का, हे मात्र शिक्षकाने लक्षात ठेवावे. तसे होत असल्यास अर्थिंग नाही असे समजावे. प्लगची जाड पिन मोडून तो दोन भोकांत खुपसण्याची वाईट चाल अद्यापि दिसते. त्यायोगे यंत्र तर बिघडतेच, पण मुलांच्या जिवाशीही गाठ पडते. अर्थिंगची दुरुस्ती होईपर्यंत त्या यंत्रावर मुलांना बसवू नये. तसेच आपल्या भागात पावसाळ्यात विजा पडतात. ढग भरून आले की प्लग व नेटवर्कची तार, दोन्ही काढावीत.

नोंदवही

आता तपासणीच्या रीतीविषयी. सामान्यतः काय घडते? त्रासलेला शिक्षक एकाच दिवशी माऊस बदलतो, इंटरनेटची तार काढतो, बायोसमध्ये चार बदल करतो. तक्रार थांबते, पण कशाने थांबली ते कळत नाही, आणि ती परत आली म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आरंभ. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, आणि त्यानंतर निदान पाच दिवस थांबावे.

त्यापूर्वीही आठवडाभर काहीच न बदलता केवळ नोंद करावी. एक साधी वही घ्यावी. तीत दिनांक, यंत्र कुणी व कसे बंद केले (शट डाऊन, स्लीप की केवळ पडदा), मेन स्विच पाडला होता काय, त्या रात्री लाईन गेली होती काय व केव्हा आली, यंत्र सुरू झालेले कुणी व केव्हा पाहिले, यंत्रातील घड्याळ बरोबर होते काय, एवढे रकाने आखावेत. सहावी-सातवीचे विद्यार्थी हे काम उत्तम करतात. लाईन केव्हा गेली हे तर गावातील प्रत्येक घर सांगू शकते, आणि निरनिराळ्या वाड्यांतून आलेली मुले आपापल्या घरची वेळ सांगू लागली की साक्षी ताडून पाहण्याचा धडा आपोआप घडतो.

समजा, पंधरा दिवसांत यंत्र पाच वेळा आपोआप सुरू झाले. त्यांपैकी चार रात्री लाईन जाऊन आली होती, पाचव्या रात्री मात्र नव्हती. घाई करणारा म्हणेल, चार वेळा जुळले, तेव्हा कारण लाईनच. दुसरा म्हणेल, पाचव्या वेळी जुळले नाही, तेव्हा लाईन हे कारण नव्हेच. दोघांनीही वही नीट वाचलेली नाही. पाचव्या दिवसाच्या ओळीत 'पडदा बंद केला, शट डाऊन केले नाही' अशी नोंद असेल, आणि पाहण्याची वेळ रात्री दोनच्या नंतरची असेल, तर तेथे दुसरेच कारण, म्हणजे देखभालीचा गजर, काम करीत होता. एकाच लक्षणामागे दोन कारणे असू शकतात, हे मुलांना शरीरातील तापावरून समजते. ते येथे त्यांना डोळ्यांनी दिसेल. न जुळणारी ओळ खोडून टाकण्याचा मोह मुलांना होतो, मोठ्यांनाही होतो. ती ओळ सर्वांत मोलाची समजावी.

याच वहीतून गणिताचा एक तासही निघतो. बारीक वातीच्या अवस्थेत यंत्र २ वॅट वीज घेते असे धरल्यास वर्षाच्या ८,७६० तासांत १७,५२० वॅट-तास, म्हणजे साडेसतरा युनिटांहून किंचित् अधिक वीज जाते. रोज सहाच तास प्लग चालू ठेवला तर किती वाचेल, हे मुलांनी काढावे.

गावातील बोलवेविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. भीती बाळगणाऱ्यांची थट्टा करू नये. थट्टेने भीती जात नाही, ती केवळ बोलून दाखविली जात नाही. त्यापेक्षा शंका घेणाऱ्या पालकांस शाळेत बोलवावे. दुपारी सर्वांच्या देखत यंत्र सुरू असताना मेन स्विच पाडावा, क्षणभर थांबून वर करावा, आणि यंत्र आपोआप सुरू होताना दाखवावे. नंतर बायोसमधील ती ओळ बदलून तोच प्रयोग पुन्हा करावा. आता यंत्र गप्प राहील. (स्विच असा पाडणे डिस्कला हितकर नाही, म्हणून बायोसचे पान उघडे असतानाच हा प्रयोग करावा, आणि तोही एकदोनदाच.) पाहणाऱ्यांपैकी एखाद्या वृद्ध गृहस्थास स्वतःच्या हाताने स्विच वर करावयास सांगितले तर त्याचे म्हणणे गावात शिक्षकाच्या म्हणण्यापेक्षा अधिक मानले जाईल. कुणी या निमित्ताने भानामतीचे नाव काढून एखाद्या स्त्रीकडे किंवा कुटुंबाकडे बोट दाखवू लागला तर मात्र प्रसंग केवळ समजुतीचा राहत नाही. जादूटोण्याच्या नावाने कुणास छळणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मुख्याध्यापकाने पोलीस पाटलांच्या समक्ष स्पष्ट सांगावे.

चोरीचा संशय असल्यास कुणाचे नाव घेण्यापूर्वी इव्हेंट व्ह्यूअरमधील वेळ आणि लाईन परत आल्याची वेळ जुळवून पाहावी. त्या जुळल्या तर संशयिताला त्याच दिवशी, आणि ज्यांच्यासमोर संशय बोलला गेला त्यांच्यासमोरच, निर्दोष म्हणून सांगावे. वहीतील ती ओळ त्याला वाचूनही दाखवावी.

इतके सर्व करून दोष सापडला नाही तर तंत्रज्ञाला बोलवावे, पण रिकाम्या हाताने नव्हे. तुमसरहून किंवा भंडाऱ्याहून आलेला तंत्रज्ञ शाळेत तास-दोन तास असतो, आणि नेमके त्याच वेळी यंत्र शहाण्यासारखे वागते, हा सर्वांचा अनुभव आहे. त्याला नोंदवही, बायोसच्या पानाचे छायाचित्र आणि आतापर्यंत कोणता बदल कोणत्या दिनांकास केला त्याची यादी द्यावी. पॉवर सप्लाय अथवा फलक बदलावा लागल्यास काढलेली जुनी वस्तू परत मागून घ्यावी, जडसंग्रह नोंदवहीत तशी नोंद करावी, आणि नव्या सेलचा दिनांक पेटीच्या आतील बाजूस कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटवावा.